फेडायला त्यानं नेलं काय होतं?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या क्रीडा पानावर परदेशात जाऊन खेळणाऱ्या खेळाडूंवर लेख आला होता, त्यात शेवटी शेवटी पेत्र स्वोबोदा या चेक आइस हॉकीपटूचं नाव वाचलं आणि आधी आनंदच झाला, मराठी पेपरात आइस हॉकीवर चार ओळी म्हणजे खूपच झालं. पण त्या चार ओळींतलं म्हणणं काही पटलं नाही म्हणून हे पत्र. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं, की हा पोरगा अठराव्या वर्षी देश सोडून पळाला, तिकडे नाव आणि पैसा कमावला आणि मग १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकच्या फायनलला रशियाविरुद्ध गोल मारून देशाचं ऋण फेडलं. वाचायला छान वाटतं हो. पण ऋण फेडायला आधी ते असावं लागतं, आणि स्वोबोदाच्या बाबतीत कोण कुणाचं देणं लागत होतं हे जरा नीट बघायला पाहिजे. लेखकाला जागा कमी होती हे मान्य. मला पण कमी आहे, तुम्ही कात्री लावणार हे गृहीत धरूनच लिहितोय, पण नागानोच्या आधीची चौदा वर्षं तेवढी कापू नका ही विनंती.

पहिली गोष्ट, हा आला कुठून. जन्म १४ फेब्रुवारी १९६६, गाव मोस्त, उत्तर बोहेमियात, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात. या मोस्तची गोष्ट माहीत असेल तर तिथल्या कम्युनिस्ट राजवटीचा स्वभाव अर्धा तिथेच कळतो. शहराच्या खाली तपकिरी कोळसा होता, सरकारला तो पाहिजे होता, म्हणून सगळं जुनं शहर पाडलं. घरं, रस्ते, सगळं. तिथलं एक जुनं गॉथिक चर्च तेवढं वाचवायचं ठरलं आणि ते अख्खं चर्च १९७५ मध्ये रुळांवर ठेवून ८४१ मीटर पलीकडे सरकवलं. इंजिनियरिंग म्हणून जबरदस्तच, पण माणसांना विचारलं कुणी? स्वोबोदा तेव्हा नऊ वर्षांचा.

मोस्तला लागूनच लित्विनोव. छोटं गाव, मोठा केमिकल कारखाना आणि त्या कारखान्याच्या नावाचा हॉकी क्लब. आता या गावानं किती खेळाडू दिले बघा, इव्हान हलिंका, यिर्झी बुब्ला, व्लादिमीर रुझिच्का, पेत्र क्लिमा, रॉबर्ट रायखेल, मार्टिन रुचिन्स्की, योसेफ बेरानेक, आणि आपला स्वोबोदा, सगळे याच क्लबच्या बर्फावर घडलेले. प्राग सारख्या शहराला पण हेवा वाटावा अशी यादी आहे. ही नावं लक्षात ठेवा, यातली निम्मी पुढे परत येणार आहेत.

आता मुख्य मुद्दा. लेखात "पळाला" असं सहज लिहून टाकलंय, जणू सरळ दार उघडं होतं आणि हा मागच्या खिडकीतून उडी मारून गेला. दार उघडं नव्हतं ना! म्हणजे अगदीच नव्हतं असं नाही, ते पण सांगतो. चेकोस्लोव्हाकियात खेळाडूला कायदेशीर बाहेर जाऊन खेळता यायचं, पण कधी, तर तिशी आली, नॅशनल टीमसाठी वर्षानुवर्षं खेळून झालं, गुडघे-खांदे निम्मे संपले की मग सरकारच्या प्रागोस्पोर्ट नावाच्या एजन्सीमार्फत परवानगी, आणि कमाईतला वाटा अर्थात सरकारला. १९८१ मध्ये हलिंका आणि डिफेन्समन बुब्ला असेच कॅनडातल्या व्हँकुव्हर कॅनक्स क्लबकडे गेले, दोघंही १९५० चे जन्मलेले म्हणजे हिशोब तुम्हीच करा, आणि एवढ्या उशिरा जाऊनही पहिल्याच सीझनला टीम स्टॅनली कपच्या, म्हणजे तिकडच्या सर्वात मोठ्या लीगच्या, फायनलपर्यंत पोचली. दुसऱ्या वर्षी मिरोस्लाव द्वोर्झाक नावाचा अजून एक डिफेन्समन फिलाडेल्फियाला गेला, तो पण तिशी ओलांडलेलाच. लोक म्हणतात तिकडे जाऊन त्यांनी किती छान खेळ केला. मला वाटतं, पंचविशीत गेले असते तर काय केलं असतं!

आणि जो थांबायला तयार नाही त्याच्यासाठी फौजदारी कायद्याचं कलम १०९ होतं, परवानगीशिवाय देश सोडणे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत तुरुंग, माणूस हजर नसला तरी खटला चालायचा, मालमत्ता जप्त व्हायची आणि मागे राहिलेल्या घरच्यांना जे भोगावं लागायचं ते वेगळंच. ही नुसती कागदावरची भीती नव्हती, हॉकीवाल्यांसाठी तर मुळीच नाही. १९४९ मध्ये स्टॉकहोमला वर्ल्ड चॅम्पियन झालेली टीम होती, त्याच टीममधल्या बऱ्याच खेळाडूंना मार्च १९५० मध्ये पकडलं, संशय काय तर हे बाहेर जाऊन परत येणार नाहीत, आणि गोलकीपर बोहुमिल मोद्री यांना पंधरा वर्षांची शिक्षा ठोठावली. पळून गेले म्हणून नाही, पळतील म्हणून. वर्ल्ड चॅम्पियन माणसं, आणि काहींच्या वाट्याला युरेनियमच्या खाणी आल्या. देशाचं ऋण वगैरे म्हणताना हा हिशोब पण वहीत लिहायला पाहिजे की नको?

तर १९८४. ज्युनियर टीम पश्चिम जर्मनीत स्पर्धेसाठी गेलेली, आणि तिथून स्वोबोदा परत गेलाच नाही. वय अठरा. आपण या वाक्यावरून फार पटकन पुढे जातो. त्याच्या आधी पण लोक गेले होते, वाक्लाव नेदोमान्स्की १९७४ मध्ये गेला तेव्हा तिशीतला, प्रस्थापित स्टार होता, श्तास्त्नी बंधूंपैकी पीटर आणि आंतोन १९८० मध्ये गेले तेव्हा निदान दोघं सख्खे भाऊ तरी बरोबर होते, पीटरची बायको पण होती. हा एकटा, शाळकरी वयाचा, आणि तेव्हाच्या हिशोबानं परत कधी घरी जाता येईल याची काहीच खात्री नाही. १९८४ मध्ये कुणाला माहीत होतं की पाच वर्षांत बर्लिनची भिंत पडेल? आज आपल्याला शेवट माहीत आहे म्हणून तो निर्णय सोपा वाटतो.

त्याच वर्षी जूनमध्ये मॉन्ट्रियलला एनएचएलचा, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या त्या सर्वात मोठ्या हॉकी लीगचा, ड्राफ्ट झाला. ड्राफ्ट म्हणजे काय तर नवीन खेळाडूंवर हक्क सांगायचा कार्यक्रम, क्लब आपापल्या नंबरानुसार एकेक नाव पुकारतात. त्या वर्षी पहिलं नाव मारियो लेम्यू, पुढे जो या खेळातल्या सर्वकालीन थोर खेळाडूंमध्ये गणला गेला. पाचवं नाव मॉन्ट्रियल कॅनेडियन्सनं पुकारलं, पेत्र स्वोबोदा, आणि हा पठ्ठ्या तिथे समोर हजर! पोरगा कॅनडात येऊन पोचलाय हे तिथल्या बऱ्याच जणांना माहीतच नव्हतं, क्लबचे जनरल मॅनेजर सर्ज सावार यांनी पत्ते अगदी छातीशी धरून ठेवले होते. आणि हे सावार स्वतः डिफेन्समन म्हणून नावाजलेले बरं का, म्हणजे कोणता माल उचलतोय हे त्यांना पक्कं ठाऊक असणार. त्याच ड्राफ्टमध्ये मॉन्ट्रियलनं ५१ व्या नंबरला पॅट्रिक रॉय नावाचा गोलकीपर घेतला, तो पुढे केवढा मोठा झाला हे हॉकीवाल्यांना सांगायला नको. पण बघा, रॉय ५१ वा आणि स्वोबोदा पाचवा. यावरून त्या अठरा वर्षांच्या पोराबद्दल काय मत होतं ते कळतं.

बरं आता त्याचं काम काय होतं हे सांगतो कारण लेखात "गोल मारला" एवढंच आहे आणि त्यामुळे वाचणाऱ्याला वाटेल हा गोल मारणारा खेळाडू. नाही. डिफेन्समन. बर्फावर एका वेळी गोलकीपर सोडून पाच जण, त्यातले दोन डिफेन्समन, एकेक शिफ्ट पाऊण मिनिटाच्या आसपास, जीव तोडून स्केटिंग करायचं आणि बेंचवर येऊन धापा टाकायच्या, आणि थोड्याच वेळात परत आत. त्याचं काम म्हणजे समोरून येणाऱ्याला कडेला दाबायचं, तोंड प्रतिस्पर्ध्याकडे ठेवून उलटं स्केटिंग करायचं, पक म्हणजे ती रबरी चकती हिसकावून पहिला पास असा द्यायचा की आपली टीम एका झटक्यात पुढे निघते. क्रिकेटमधल्या विकेटकीपरसारखं आहे, शंभर बॉल नीट घेतले तर कुणी बघत नाही आणि एक सुटला की सगळ्या स्टेडियमला दिसतो. स्वोबोदाची एनएचएलमधली बेरीज १०२८ मॅचेस, ५८ गोल, ३४१ असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास. म्हणजे साधारण अठरा मॅचमागे एक गोल. या माणसाची ओळख एका गोलवरून करून द्यायची म्हणजे कमालच आहे.

दुसरं म्हणजे युरोपातलं मैदान आणि तिकडचं मैदान यात फरक. युरोपात रिंक तीस मीटर रुंद, एनएचएलमध्ये २६ मीटरच्या आसपास. चार मीटर म्हणजे काय मोठं असं वाटेल, पण वेगात येणाऱ्या नव्वद-पंचाण्णव किलोच्या माणसापासून बाजूला सरकायला तेच चार मीटर लागतात! युरोपातल्या पोरांबद्दल तेव्हा तिकडे सर्रास बोललं जायचं की ही पोरं नाजूक, मार सोसणार नाहीत. आणि स्वोबोदा उंच पण अंगानं एकदम काटकुळा. तरीही पहिल्याच सीझनला सत्तरच्या वर मॅचेस खेळला, लॅरी रॉबिन्सन, ख्रिस चेलिओस यांच्यासारख्या डिफेन्समनच्या टीममध्ये जागा मिळवून. आणि नाजूक म्हणाल तर करिअरमध्ये १६०५ मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये काढलीत त्यानं, तासात काढा, जवळजवळ सत्तावीस तास नुसता शिक्षेच्या बाकावर. मला त्याच्या सगळ्या आकड्यांत हा आकडा जास्त आवडतो, बाकी कुणाला आवडत नसेल. शिस्तीचा आदर्श वगैरे अजिबात नाही, पण कुणी दाबायला आलं तर हा दबणारा नव्हता एवढं कळतं.

१९८६ मध्ये मॉन्ट्रियलनं स्टॅनली कप जिंकला, कॅल्गरीला फायनलमध्ये ४-१ नं हरवून, रॉय तेव्हा पहिल्याच पूर्ण सीझनला होता आणि हा वीस वर्षांचा. १९८९ ला पुन्हा फायनल, पुन्हा कॅल्गरी, यावेळी हरले. त्याच १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये तिकडे प्रागमध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि राजवट कोसळली, आणि मग एकदाचं दार खरंच उघडलं. तोपर्यंत मागून क्लिमा १९८५ मध्ये डेट्रॉइटला गेलेला, फ्रान्तिशेक मुसिल, हा पण डिफेन्समन, १९८६ मध्ये युगोस्लाव्हियातून निसटून मिनेसोटाला गेलेला, आणि १९८९ च्या जानेवारीत पेत्र नेद्वेद नावाचं सतरा वर्षांचं पोरगं कॅल्गरीत स्पर्धेला आलं ते तिथेच राहिलं. स्वोबोदा, क्लिमा, नेद्वेद, तिघंही लित्विनोवचे. एका छोट्या गावातून पाच वर्षांत तीन पोरं. आता यात पोरांचा दोष शोधायचा की ज्या व्यवस्थेत ती वाढली तिचा?

मॉन्ट्रियलनं १९९२ मध्ये त्याला बफेलोला ट्रेड केलं. ट्रेड हा पण एक प्रकार आहे, सकाळी उठायचं तर कळायचं की आपण आता दुसऱ्या शहराचे, सामान बांधा. आणि बफेलोत गंमत बघा, त्याच वर्षी उन्हाळ्यात गोलकीपर डोमिनिक हाशेक शिकागोहून तिथे आला, आणि अलेक्झांडर मोगिल्नी आधीपासून होताच, जो १९८९ मध्ये स्टॉकहोमहून सोव्हिएत टीम सोडून आलेला. म्हणजे एक पळालेला चेक, एक पळालेला रशियन आणि एक रीतसर कागदपत्रं घेऊन आलेला चेक, तिघं एकाच ड्रेसिंग रूममध्ये. मोगिल्नीनं त्या १९९२-९३ च्या सीझनला ७६ गोल मारले. इतके गोल मारणाऱ्याच्या मागे उभं राहून पक काढून देणारी माणसं असतात, पण ते असो. १९९५ मध्ये फिलाडेल्फिया, तिथे १९९७ ला परत एक फायनल आणि डेट्रॉइटनं सरळ चार मॅचमध्ये धुतलं.

आता येऊ नागानोकडे, कारण त्याशिवाय तुम्ही पत्र छापणार नाही!

एक गोष्ट लेखात राहिलीच. १९९८ च्या आधी एनएचएल ऑलिम्पिकसाठी थांबतच नव्हती. तिकडे करारात असलेला खेळाडू फेब्रुवारीत ऑलिम्पिकला सहसा जाऊ शकत नव्हता, तो चेक असो, कॅनेडियन असो की आणि कुणी. नागानोला पहिल्यांदा लीगनं सुट्टी दिली. त्यामुळे "इतकी वर्षं देशासाठी खेळला नाही" याचा निम्मा दोष भिंतीचा आणि निम्मा लीगच्या कॅलेंडरचा. त्याच्या वाट्याला काय उरतं?

त्या टीमकडे बघा. कोच इव्हान हलिंका, लित्विनोवचा, जो नियमानं तिशीपर्यंत थांबला आणि मग गेला. कॅप्टन रुझिच्का, लित्विनोव. फॉरवर्डमध्ये रायखेल, रुचिन्स्की, बेरानेक, लित्विनोव, लित्विनोव, लित्विनोव. डिफेन्समध्ये यिर्झी श्लेग्र, तो कोण तर हलिंकाबरोबर व्हँकुव्हरला गेलेल्या त्या बुब्लाचा मुलगा. आणि स्वोबोदा. थांबलेला आणि पळालेला, दोघं एकाच बेंचवर, एक मागे सूट घालून उभा आणि एक पुढे हेल्मेट घालून बसलेला. हलिंकानं त्याला बोलावलं म्हणजे त्याच्या मनात तरी काही उधारी-वसुली नव्हती असं मला वाटतं. कॅनडा आणि अमेरिकेच्या टीम पूर्ण एनएचएलच्या होत्या, चेक टीममध्ये एनएचएलवाले निम्मेच, बाकी घरच्या लीगमधले आणि युरोपातले.

गटात रशियाकडून २-१ नं हरले. मग क्वार्टर फायनलला अमेरिकेला ४-१. सेमी फायनल कॅनडाशी, श्लेग्रनं गोल मारला, मॅच संपायला मिनिटभर असताना ट्रेव्हर लिंडननं बरोबरी केली, मग शूटआउट, हाशेकनं पाचही अडवले, रायखेलनं एक मारला आणि कॅनडाचा सगळ्यात मोठा खेळाडू वेन ग्रेट्झ्की बेंचवर बसून राहिला, कॅनेडियन लोक त्या गोष्टीवरून अजून भांडतात. दुसऱ्या सेमी फायनलला रशियाच्या पावेल बुरेनं फिनलंडला एकट्यानं पाच गोल मारले होते. पाच! ऑलिम्पिक सेमी फायनलमध्ये!

तोच बुरे दोन दिवसांनी फायनलला उतरला आणि त्याच्या नावावर शून्य. साहेब, मला विचाराल तर डिफेन्समनची फायनल ही आहे. हाशेक अफाट होता, शेवटच्या तीन मॅचमध्ये मिळून त्यानं दोनच गोल खाल्ले, पण बुरेला वेग पकडायला जागा न देणं, त्याला मधून न येऊ देता कडेकडेनं ढकलत नेणं, हे एकटा गोलकीपर करत नाही. स्वोबोदा आणि त्याच्या जोडीदारांनी ते साठ मिनिटं केलं. याला हायलाइट्स नाहीत. जे घडलं नाही त्याची क्लिप कशी बनवणार.

आणि गोल. तिसऱ्या पिरियडच्या नवव्या मिनिटाला रशियाच्या टोकाला फेसऑफ, म्हणजे दोघांमध्ये पक टाकून खेळ परत सुरू, पावेल पातेरानं जिंकला, प्रोखाझ्काकडून पक मागे ब्लू लाइनजवळ, म्हणजे त्या टोकाच्या हद्दीच्या निळ्या रेषेजवळ, उभ्या स्वोबोदाकडे, त्यानं घुमवून मारला, मध्ये माणसांची गर्दी, रशियन गोलकीपर श्तालेन्कोवला दिसेपर्यंत उशीर झाला. १-० आणि शेवटपर्यंत तेच. प्रागमध्ये तेव्हा रविवारची पहाट होती आणि ओल्ड टाउन स्क्वेअर भर फेब्रुवारीत माणसांनी गच्च भरलेला. टीम जपानहून खास विमानानं प्रागला आली, "हाशेकला किल्ल्यावर पाठवा" म्हणजे राष्ट्राध्यक्ष करा अशा घोषणा चालल्या होत्या, आणि एनएचएलवाले काही तासांत परत अटलांटिकपलीकडे, कारण लीग परत सुरू होत होती. पुढे २००४ मध्ये प्रागच्या नॅशनल थिएटरनं त्या स्पर्धेवर चक्क ऑपेरा केला. हे सगळं आनंदाचंच आहे, मी काही रडका माणूस नाही, तो गोल मी पण कितीतरी वेळा बघितलाय.

पण "ऋण फेडलं"? कोणत्या देशाचं हो? तो सोडून गेला तो देश चेकोस्लोव्हाकिया. तो १ जानेवारी १९९३ ला नकाशावरूनच गेला. ज्या सरकारनं पळालेल्यांवर खटले भरले ते १९८९ ला गेलं. नागानोला तो ज्या जर्सीत खेळला तो चेक प्रजासत्ताक हा देश त्याच्या पळण्याच्या वेळी अस्तित्वातच नव्हता, समोरचा रशिया सुद्धा तेव्हा सोव्हिएत युनियन होता. सावकारही गेला, वहीही गेली, मग फेडलं कुणाला? आणि तो नसल्यामुळे देशाचं काही अडलं होतं असंही नाही, तो गेल्याच्या पुढच्याच वर्षी १९८५ ला प्रागमध्ये चेकोस्लोव्हाकिया वर्ल्ड चॅम्पियन झाला, १९९६ ला व्हिएन्नात चेक टीम झाली, दोन्ही वेळा त्याच्याशिवाय.

इथे कुणी म्हणेल, अहो त्याला स्केटिंग शिकवलं कुणी, बर्फ दिला कुणी, कोच दिले कुणी. बरोबर आहे, हा एकच प्रश्न मला खरा वाटतो. लित्विनोवच्या कोचेसनी त्याला घडवलं यात शंका नाही, आणि त्याच्या जाण्यानं मागे राहिलेल्यांना त्रास झाला असेल तर तो पण खरा, एक गेला की बाकीच्यांवर नजर वाढायची, पुढच्या दौऱ्याला कोण जाणार आणि कोण नाही हे असल्या संशयावर ठरायचं. जे थांबले त्यांनी स्वतःची चांगली वर्षं घालवली त्याचं काय, हे पण विचारता येतं. पण तो हिशोब लित्विनोवचा आणि स्वोबोदाचा आहे, राजवटीचा नाही, आणि त्या कोचेसना एखाद्या फायनलच्या गोलपेक्षा १०२८ मॅचेसचा जास्त अभिमान असेल असं मला तरी वाटतं. एनएचएलमध्ये हजार मॅचेस पूर्ण करणारा तो पहिला चेक खेळाडू. हे लेखात एका शब्दानं नाही!

शेवटची वर्षं टँपा बे मध्ये गेली, १९९८ च्या डिसेंबरला फिलाडेल्फियानं तिकडे पाठवलं. २०००-०१ च्या सीझनला डोक्याला मार लागला आणि त्यातच खेळणं संपलं, पस्तिशीत. डिफेन्समनचं शरीर असंच संपतं, दुसऱ्यांच्या वेगासमोर उभं राहून राहून. आणि नंतर काय झाला माहीत आहे? खेळाडूंचा एजंट. चेक स्टार यारोमिर यागर २०११ मध्ये रशियातून परत अमेरिकेत यायला निघाला, पिट्सबर्ग की डेट्रॉइट की काय असा सगळा घोळ चालला होता आणि शेवटी फिलाडेल्फियाशी करार झाला, तेव्हा त्याच्या वतीनं बोलणी करणारा माणूस पेत्र स्वोबोदा. ज्याला स्वतःला देश बदलायला रात्रीतून गायब व्हावं लागलं तो तेव्हा फोनवर बसून दुसऱ्याचा देश बदलून देत होता, कायदेशीर, सही-शिक्क्यासकट. तुमच्या लेखकाला शेवट पाहिजेच होता तर हा घ्यायचा होता, नागानोपेक्षा भारी आहे.

अजून एक. लेखात त्याचं करिअर म्हणून जे छापलंय त्यात मॉन्ट्रियल आणि नागानो एवढंच आहे, बफेलो, फिलाडेल्फिया, टँपा बे गायब, पेनल्टी गायब, असिस्ट गायब. पुढच्या वेळी या विषयावर काही छापणार असाल तर मुसिलवर छापा, द्वोर्झाकवर छापा, बुब्लावर छापा, एकाची पण गोष्ट दुसऱ्यासारखी नाही आणि तिघांच्याही नावावर ऑलिम्पिक फायनलचा गोल नाही, त्यामुळे लेखकाला जरा कष्ट पडतील. आकडे लागले तर पाठवतो.

कळावे,
तुमचा एक जुना वाचक